हाऊ गोरा वाट देखस

झाकीर हुसेन गेले त्यानंतर तीनेक आठवड्यांनी आम्ही दहा-बारा जण जळगावात एका स्नेह्यांच्या गच्चीवर जमलो होतो. जानेवारीची थंडी होती. खाली अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला टाकली होती आणि त्या धुराचा वास जिन्यातून वर येत होता. कार्यक्रम असा काही नव्हता. श्रद्धांजलीची भाषणं नकोत, फक्त ऐकायचं, एवढंच ठरलं होतं. मी सुचवलं म्हणून 'शक्ती'चा, म्हणजे झाकीरभाई आणि गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिन यांच्या गटाचा, पहिला अल्बम लागला. 1975 च्या जुलैत अमेरिकेतल्या साउथॅम्प्टन कॉलेजातल्या मैफलीत भरलेला आणि पुढच्या वर्षी बाहेर आलेला. पहिलंच वादन अठरा मिनिटांचं. ते संपेपर्यंत कुणी बोललं नाही, मग सगळेच बोलायला लागले. तबल्याचे सर म्हणाले, "चोविसाव्या वर्षीचा हात आहे हा. बाकीचं सोडा, नुसता डग्गा ऐका." एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "पण याला म्हणायचं काय? राग म्हणावं तर राग नाही, जॅझ म्हणावं तर जॅझ नाही." माझ्या भाच्याचं मत होतं की रेकॉर्डिंग जुनं आहे, 2023 चा 'धिस मोमेंट' लावायला हवा होता. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "का रडले ते मला विचारू नका." या सगळ्यात जिन्याच्या तोंडाशी, मफलर गुंडाळून, आबा म्हणून ओळखले जाणारे एक गृहस्थ बसले होते. धरणगावच्या एका बँडमध्ये चाळीस-एक वर्षं क्लॅरनेट वाजवणारे. त्या रात्रीचे स्पीकर त्यांच्याकडूनच आले होते आणि ते परत न्यायचे म्हणून ते थांबले होते. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. बोलणं जरा ओसरलं तेव्हा ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं बोलले, "हाऊ गोरा वाट देखस."

दोघे-तिघे हसले. खालून हाक आली, बडगीत भरीत ठेचून झालं होतं, आणि सगळे उठले.

ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. हा गोरा वाट पाहतो. कुणाची? कशासाठी? जेवताना मी आबांना विचारू शकले असते. मी कळण्याच्या भाकरीवर भरीत घेत होते आणि ते पाच हातांवर बसले होते. पण तेवढ्यात प्राध्यापकांनी मला बोलण्यात ओढलं, मग स्पीकर उतरवण्याची घाई झाली आणि टेम्पो निघून गेला. आमच्यापैकी प्रत्येकानं त्या संगीतात आपल्याला हवं ते शोधलं होतं, सरांनी डग्गा, प्राध्यापकांनी राग, भाच्यानं ध्वनीचा दर्जा. आबा मात्र त्या माणसाबद्दल बोलले होते. तो माणूस काय करतो आहे हे त्यांना ऐकू आलं होतं, आणि मला पस्तीस वर्षं तीच टेप ऐकून ते ऐकू आलं नव्हतं.

टेप म्हणजे खरोखरची टेप. माझे वडील भुसावळला रेल्वेत गार्ड होते. मुंबईच्या रनिंग रूममध्ये त्यांची एका मद्रासी सहकाऱ्याशी दोस्ती झाली होती. त्याच्या घरच्या एलपीवरून पपांनी हा अल्बम साठ मिनिटांच्या कॅसेटवर भरून आणला. हिशेब नीट जमणारा होता. पहिल्या बाजूची दोन वादनं मिळून तेवीस मिनिटं, दुसऱ्या बाजूचं एकच वादन, जवळपास एकोणतीस मिनिटांचं. पण कोरी म्हणून नेलेली कॅसेट कोरी नव्हती. तिच्या दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला पपांनीच आधी माझा आवाज भरलेला होता. मी तेव्हा अडीच वर्षांची. त्यात मी आकडे मोजते, सातनंतर नऊ म्हणते, मागून आजीचा आवाज येतो, भांडं पडतं. दोन-अडीच मिनिटांचंच आहे. ते पुसायला पपा तयार नव्हते. त्यांनी टेप तेवढी पुढे नेली आणि तिथून 'शक्ती' भरायला घेतली. म्हणून आमच्या घरी ते वादन माझ्या आकड्यांनी सुरू व्हायचं आणि ऐन भरात असताना खट् करून तुटायचं. शेवट टेपवर मावलाच नव्हता.

उन्हाळ्यात रात्री गच्चीवर पाणी शिंपडून गाद्या टाकायच्या. भुसावळच्या मे महिन्यात रात्री अकरालाही भिंती हाताला गरम लागतात. पपा ड्यूटीवरून आले, आंघोळ करून वर आले, की टेपरेकॉर्डर उशाशी घेऊन अगदी हळू आवाजात ही कॅसेट लावायचे. यार्डातून शंटिंगचे धक्के ऐकू यायचे, डबे एकामागून एक आपटत जायचे, आणि त्या आवाजात विक्कू विनायकरामांचा घटम् मिसळायचा. मला बरीच वर्षं वाटायचं की तो आवाज रेल्वेचाच आहे. एकदा पपांनी कोपऱ्यातल्या माठावर बोटांनी वाजवून दाखवलं, "हेच वाद्य आहे ते, फक्त माती तिकडची." आईनं खालून ओरडून सांगितलं की नवा माठ आहे, तडकेल. पपांनी हात काढून घेतला आणि माठाला कान लावून राहिले, जणू आतला आवाज विरायची वाट पाहत. टेप तुटायची तेव्हा मी दरवेळी चिडायचे. मी म्हणायचे, पुन्हा भरून आणा ना. ते म्हणायचे, "शेवट मला ठाऊक आहे." मला नव्हता, ते त्यांच्या लक्षात आलं नसावं. किंवा आलंही असेल.

हा जॉन मॅक्लॉफलिन कोण, हे मला फार नंतर कळलं, आणि कळल्यावर त्या टेपबद्दलचं माझं मत बदललं. यॉर्कशायरमधल्या डॉनकॅस्टरचा हा मुलगा न्यूयॉर्कला गेला आणि जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 1969 च्या रेकॉर्डिंगांत वाजवू लागला. जॅझमध्ये विजेची वाद्यं आणली म्हणून माइल्सला त्याच्याच जुन्या श्रोत्यांनी बोल लावले, आणि त्याच वर्षी भरलेल्या 'बिचेस ब्रू' या अल्बममधल्या एका वादनाला या तरुण गिटारवाल्याचं नाव दिलेलं आहे. पुढे मॅक्लॉफलिननं स्वतःचा 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' काढला. दोन मानांची इलेक्ट्रिक गिटार, कानठळ्या बसवणारे अँप्लिफायर, विजेसारखा वेग. त्याच्यामागे वेडी झालेली पोरं अमेरिकेभर होती. आणि कीर्ती अशी पिकलेली असताना या माणसानं ते सगळं बाजूला ठेवून मांडी घातली. तेहेतिसाव्या वर्षी, ध्वनीच्या भिंती सोडून, तबला, घटम्, मृदंगम् आणि एल. शंकरचं व्हायोलिन यांच्यात तो साधी लाकडी गिटार घेऊन बसला. साधी म्हणजे दिसायला. तिच्या पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं होतं, म्हणजे बोट दाबलं की तार आत जावी आणि मींड निघावी, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता यावं. मूळ तारांखालून तिरक्या सात तारा ओढलेल्या, आसेसाठी, म्हणजे सूर मागे घुमत राहावा म्हणून. त्याआधी तो एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकला होता. विजेच्या गिटारीसाठी आलेल्या श्रोत्यांना वाटलं, आपला माणूस हरवला. इथल्या जाणकारांना वाटलं, पाहुणा आला आहे, दोन दिवस राहील आणि जाईल. तीन अल्बम झाले आणि दहा वर्षंही न होता 1978 च्या सुमारास गट मोडला.

प्राध्यापकांचा प्रश्न खोटा नव्हता, हे मला इथे सांगितलं पाहिजे. मीही विशारदपर्यंत गाणं शिकले आहे. षड्ज एकदा लावला की तासभर तो हलत नाही, आणि न हलणाऱ्या त्या 'सा'वर सगळं घर उभं राहतं, हे अंगात मुरलेलं आहे. जॅझवाल्याची सवय उलटी. त्याच्या पायाखालची जमीन दर चार मात्रांनी सरकते, एकामागून एक स्वरसंघात येतात आणि त्या सरकण्यातच त्याची गंमत. यातलं एक सोडल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात बसता येत नाही. मॅक्लॉफलिननं सोडलं ते जमिनीचं सरकणं. तो षड्जाच्या घरात आला. त्याच्या काही जागा मला अजूनही खटकतात. ज्या स्वरावर आपला गवई रेंगाळला असता तिथून तो घाईनं निघून जातो. काही ठिकाणी वेग हाच मुद्दा होऊन बसतो. पण शुद्धतेच्या नावानं मी बोट दाखवायला गेले की मला माझीच पेटी आठवते. परदेशातून आलेलं हे वाद्य, त्यावर मींड निघत नाही म्हणून 1940 मध्ये रेडिओवर त्याला बंदी आली होती, आणि आज त्याच्यावाचून आमच्या गावचं एकही भजन सुरू होत नाही. कर्नाटक संगीतातल्या व्हायोलिनचं तेच. आणि आबांच्या हातातल्या क्लॅरनेटचंही.

2023 च्या जानेवारीत 'शक्ती' पन्नास वर्षांच्या दौऱ्यावर मुंबईत आली तेव्हा मी जळगावहून रात्रीच्या गाडीनं गेले. पपा तोवर राहिले नव्हते. त्यांच्यासाठी जाते आहे असं मी मनाशी म्हणत होते. मॅक्लॉफलिननं त्याच महिन्यात एक्क्याऐंशी पूर्ण केली होती. शंकर महादेवन गायला, गणेश राजगोपालन व्हायोलिनवर, आणि विनायकरामांचा मुलगा सेल्वागणेश घटम्-खंजिरीवर. खरं सांगायचं तर पहिला अर्धा तास मी परकी होऊन बसले होते. आवाज प्रचंड. गच्चीवर उशाशी ऐकलेलं संगीत छातीवर येऊन आदळत होतं. जुनी सात तिरक्या तारांची गिटार नव्हती, तिच्या जागी इलेक्ट्रिक होती. जिकडेतिकडे हात वर, हातात मोबाइल. दर तिहाईला शिट्ट्या. माझ्या उजवीकडचे काका तबल्यासाठी आले होते आणि गिटार वाजू लागली की बायकोशी बोलायचे. डावीकडे दोन तरुण होते, ते आपसांत वाद घालत होते की यात जॅझ उरला आहे कुठे. मागे कुणीतरी शंकर महादेवननं आता एखादं सिनेमाचं गाणं म्हणावं म्हणून ओरडलं. एवढ्या लोकांनी एकच कार्यक्रम पाहिला असं म्हणवत नाही.

मग एका वेळी सगळं शांत झालं. मॅक्लॉफलिन एकटाच काहीतरी हळू वाजवत होता आणि झाकीरभाई तबल्यावर हात नुसते ठेवून त्याच्याकडे बघत होते. वाजवत नव्हते. चेहऱ्यावर ओळखीचं ते हसू, मान किंचित कललेली. किती वेळ ते सांगता येणार नाही. माझ्या उजवीकडचे काकाही बोलायचे थांबले. परतीच्या गाडीत बहिणीनं फोनवर विचारलं कसं झालं, तर मला तेवढंच सांगता आलं की झाकीरभाई बराच वेळ वाजवत नव्हते. ती म्हणाली, "म्हणजे? पैसे वाया?"

भाच्याशी माझा वाद वेगळाच आहे. तो पुण्यात नोकरी करतो, गिटार चांगली वाजवतो, आणि 'धिस मोमेंट' त्याला तोंडपाठ आहे. सेहेचाळीस वर्षांनी आलेला 'शक्ती'चा स्टुडिओतला अल्बम, पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. "आत्या, तुझ्या कॅसेटमध्ये सगळं एकमेकांत कालवलेलं आहे. इथे प्रत्येक वाद्य दिसतं," तो म्हणतो, आणि खरं आहे ते. महासाथीच्या दिवसांत हे लोक एका खोलीत बसू शकत नव्हते. कुणी मोनाकोत, कुणी मुंबईत, कुणी अमेरिकेत, एकानं वाजवून पाठवायचं, दुसऱ्यानं त्यावर आपलं भरायचं. मी तो अल्बम मन लावून ऐकला आहे, त्यातल्या दोन वादनांवर माझं प्रेम आहे. पण दुसऱ्याचं वादन आधीच पूर्ण झालेलं असताना त्यावर वाजवणं, आणि समोरचा आता कुठे वळेल हे माहीत नसताना वाजवणं, यांत फरक पडतो. भाचा म्हणतो, ऐकणाऱ्याला तो कळत नाही. मला वाटतं कळतो. त्याला पुरावा माझ्याकडे नव्हता.

म्हणून आखाजीच्या आधीच्या आठवड्यात मी धरणगावला गेले.

लग्नसराई टिपेला होती, ऊन चव्वेचाळीसच्या पुढे. बँडची शेड रस्त्याला लागून, पत्र्याची. आत एका दोरीवर सोनेरी काठाचे लाल कोट वाळत होते आणि एक पोरगा ऑक्टापॅडच्या वायरी सोडवत बसला होता. आबांनी मला खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं आणि स्वतः खाटेवर बसले. आधी कामाबद्दलच बोलले. डीजे आल्यापासून निम्मी कामं गेली. गाडीवर कीबोर्ड आणि गायक असला की क्लॅरनेटला दोन गाणी मिळतात, तीही नवरदेव घोड्यावर बसेपर्यंत. त्यांचे वडील ट्रम्पेट वाजवायचे. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतले ट्रम्पेटचे तुकडे ते रेडिओवरून उतरवून घ्यायचे आणि एरंडोल-पारोळ्याच्या वरातींत जसेच्या तसे वाजवायचे. ते तुकडे कुठून आले हे मला ठाऊक होतं. चिक चॉकलेटसारखे गोव्याचे वादक रात्री मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचे आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. मी आबांना ते सांगितलं. म्हणजे मॅक्लॉफलिननं मांडी घालण्याच्या कितीतरी आधी जॅझ खान्देशात येऊन घोड्यापुढे चालत होता. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाप म्हने, हाई गोवावालास्नं शे." त्यांना ते लहानपणापासून माहीत होतं.

मग मी त्या रात्रीचं विचारलं. त्यांना आठवायला वेळ लागला नाही. "काय सांगू ताई, तुम्ही शिकेल मानसं," ते म्हणाले, पण सांगितलं. व्हायोलिन सुरू झालं की तो गोरा मागे सरतो. मध्येच दोन सूर टाकून स्वतःची आठवण करून देत नाही. "नाव त्यानं, टेप त्यानी, आन् तोच उगा बठना." मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले की बँडमध्ये नवीन पोराला फुंकायला शिकवायला सहा महिने लागतात आणि न फुंकायला शिकवायला दहा वर्षं. वरातीत ताशावाला रंगात आला की क्लॅरनेट खाली करायची, घोडा बुजला की सगळ्यांनीच थांबायचं, नवरीची आजी नाचायला आली तर तिच्या पायाकडे बघून लय धरायची. आता कीबोर्डवर लय आधीच भरलेली असते. ती कुणासाठी थांबत नाही. हे ते तक्रारीच्या सुरात नाही बोलले. ऑक्टापॅडवाला पोरगा त्यांचाच नातू होता.

"त्या दिवशी अर्धंच वाजलं," ते म्हणाले. "आते दुसरी बाजू लावा."

वरातीची गाडी साडेसहाला यायची होती. माझ्याकडे मोबाइल होता, नातवानं तो एका लहान स्पीकरला जोडून दिला. आबांनी डबीतून क्लॅरनेटची पत्ती काढली आणि भिजवायला ओठांत धरली, त्यामुळे पुढचा अर्धा तास ते काही बोलू शकणार नव्हते. त्या वादनाचं नाव लांबलचक आहे, हे मला कशाला हवं, ते मला कशाला हवं, मी माझ्या प्रभूच्या चरणी नाचतो आहे, अशा अर्थाचं. मोबाइलवर ते थेट सुरू होतं. मी मात्र नकळत सुरुवातीच्या आकड्यांची वाट पाहत होते, सातनंतरच्या नऊची, आजीच्या भांड्याची. पत्रा तापून कडकडत होता. आबा डोळे मिटून बसले होते, एक हात गुडघ्यावर, बोटं न हलवता. एका जागी व्हायोलिन पुढे आलं आणि गिटार मागे गेली, आणि आबांनी डोळे उघडून मला भुवयांनी खुणावलं, हे बघा. मी पाहिलं. म्हणजे ऐकलं. ती रिकामी जागा तिथे पहिल्यापासून होती, पपांच्या उशाशीही होती.

शेवटाकडे सगळे मिळून धावू लागले आणि आमची टेप तुटायची ती जागा जवळ आली. इतक्या वर्षांनीही माझे खांदे त्या खट् साठी आखडले. पूर्ण वादन मी मोबाइलवर याआधी ऐकलं होतं, तरी दरवेळी हे होतंच. ती जागा आली, गेली. वादन पुढे चालू राहिलं. बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजला, नातू उठून दोरीवरचा कोट काढायला लागला आणि म्हणाला, "आबा, गाडी उनी." आबांनी त्याला हातानं थांब म्हटलं. पत्ती अजून त्यांच्या ओठांतच होती. तो कोट हातात धरून उभा राहिला. मग साउथॅम्प्टनच्या त्या लोकांच्या टाळ्या सुरू झाल्या.